येण्याचं कारण

कॅनडातल्या मिल्टनच्या त्या घरात बेसमेंटचा जिना संपून स्वयंपाकघर सुरू होतं, तिथे जमिनीत पितळेची एक पट्टी ठोकलेली होती. खालचं कार्पेट आणि वरची फरशी जिथे भेटतात तिथली कड झाकायला अशी पट्टी इकडे घरोघर असते. आमच्या घरमालकांच्या लेखी मात्र ती सरहद्द होती. खाली बेसमेंटमध्ये भाड्याने राहायला गेले त्याच संध्याकाळी मी मीठ मागायला वर गेले, तर पट्टीपलीकडे खुर्ची टाकून बसलेल्या काकांनी हात आडवा केला आणि विचारलं, "नाव?"

माझं नाव त्यांना पाठ असायला हरकत नव्हती. सकाळीच किल्ली हातात देताना त्यांनी ते दोनदा उच्चारलं होतं. तरी मी सांगितलं. मग येण्याचं कारण विचारलं. मीठ, म्हटलं. मग मुक्काम किती, असं विचारलं. दिवसभर सामान उचलून माझी कंबर मोडली होती, आणि मी नागपूरची, माझं तोंड तसंही फार काळ बंद राहत नाही. मी म्हटलं, मीठ मिळेपर्यंत. काका इतके खूश झाले की त्यांनी हात खाली घेण्याऐवजी आणखी ताठ धरला. तेव्हा ओट्यापाशी उभ्या असलेल्या काकूंनी मागे वळूनही न पाहता म्हटलं, "माझी आहे. येऊ दे."

हात लगेच खाली आला. पुढे कितीतरी वर्षं हे असंच चाललं. आधी मला राग यायचा, मग गंमत वाटायला लागली, आणि मग ते दार उघडण्याइतकं सवयीचं झालं. प्लंबर आला तरी हेच. तो बिचारा इंग्रजीत आपलं नाव, कारण आणि लागणारा वेळ सांगायचा, आणि काकू त्यालाही मराठीतच आत घ्यायच्या.

काकूंना पहिल्यांदा पाहून मी गोंधळले होते. वर्ध्याच्या माणसाची बायको म्हणून माझ्या डोळ्यांसमोर जे चित्र होतं त्यात त्या बसत नव्हत्या. गोरापान रुंद चेहरा, बारीक डोळे, आखूड कापलेले पांढरे केस. मला वाटलं नेपाळी असतील, म्हणून मी हिंदीत सुरुवात केली. त्या म्हणाल्या, "मराठी बोल ना वं. कायले हिंदी बोलून राहिली?" माझी आजी थेट अशीच बोलायची. काकू अरुणाचलच्या, सियांग नदीच्या खोऱ्यातल्या एका गावच्या, आदी नावाच्या जमातीच्या होत्या. लग्नानंतर काही वर्षांनी काका आधी एकटे कॅनडाला आले आणि काकू कागदपत्रं होईपर्यंत वर्ध्याजवळ सासूपाशी राहिल्या. मराठी तिथे शिकल्या, ती सासूचीच मराठी त्यांनी जन्मभर वापरली. मिसिसॉगाच्या चिनी दुकानात बांबूचे कोंब आणायला गेल्या की काउंटरवरची बाई त्यांच्याशी चिनीत बोलायची आणि काकू तिला वऱ्हाडीत उत्तर द्यायच्या. दोघींचं कधी अडलं नाही. ते कोंब त्या पिठल्यात घालत. खाणाऱ्याला पहिल्या घासाला धक्का बसायचा आणि तिसऱ्या घासानंतर तो वाढून घ्यायचा.

नवऱ्याला त्या 'ओव्हरसियर' म्हणत, आणि तेही अरेतुरे. मराठी मंडळाच्या बायकांना हे जड जायचं. पण त्यांच्या गावात काका याच नावाने ओळखले गेले होते. डिप्लोमा करून विशी-बाविशीत ते तिकडे पुलांच्या कामावर ओव्हरसियर म्हणून लागले होते, आणि नदीवरचा झुलता पूल बांधता बांधता पलीकडच्या गावातल्या मुलीशी लग्न करून बसले.

हिवाळ्यात सकाळी काका मला गाडीने स्टेशनवर सोडायचे. टोरोंटोची ट्रेन पकडायची, बँकेत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायचं आणि संध्याकाळी परत, असं माझं आयुष्य होतं. गाडी तापेपर्यंत काका बोलायचे आणि त्यांचा विषय एकच असायचा. अठराशे त्र्याहत्तरचा कायदा. इंग्रजांनी आसामच्या पायथ्याशी एक रेषा आखली, इनर लाइन. तिच्या पलीकडे डोंगरात बाहेरच्या माणसाने परवान्याशिवाय जायचं नाही. इंग्रज गेले, रेषा राहिली. आजही पुण्या-नागपूरच्या माणसाला अरुणाचलात जायचं तर आधी परवाना काढावा लागतो. तिकडे होते तोवर काका लग्न झालेले असूनही दरवर्षी परवाना नवा करून घेत. "सासरी राहायची मुदत संपली म्हणून अर्ज करणारा जावई तू दुसरा पाहिला नसशील," असं ते अभिमानाने म्हणायचे.

मंडळात कुणी म्हणालं की हा काय आचरटपणा, आपल्याच देशात परवाना कसला, रद्द करा तो इंग्रजांचा कायदा, की काका त्याच्या अंगावर धावून जायचे. त्यांचं म्हणणं असं की रेषा इंग्रजांनी त्यांच्या चहाच्या मळ्यांसाठी आखली हे खरं, पण ती नसती तर माझ्यासारखे ओव्हरसियर इतके घुसले असते की हिचं गाव शोधून सापडलं नसतं. आणि मग खिडकीबाहेर बोट दाखवायचे. त्यांनी घर घेतलं तेव्हा मिल्टनला मक्याची शेतं होती. आता एकसारख्या घरांच्या रांगा क्षितिजापर्यंत गेल्या होत्या. "इथे रेषा नव्हती. बघ काय झालं." एकदा ते एवढंही म्हणाले की या देशात इथल्या मूळ लोकांनाच आपल्या वस्तीबाहेर पडायला गोऱ्या अधिकाऱ्याचा पास लागायचा. तिकडे बाहेरच्याला आत यायला पास, इकडे आतल्याला बाहेर पडायला. सिग्नल हिरवा झाला आणि आम्ही पुढे गेलो.

रेषा दिसली की या माणसाच्या अंगात काहीतरी शिरायचं. बर्फ पडला की ते फावड्याने फुटपाथ शोव्हल करायचे ते बरोबर स्वतःच्या हद्दीपर्यंत. शेजाऱ्याच्या बाजूला बर्फाची सुरीने कापल्यासारखी उभी भिंत राहायची. मग काकू कोट चढवून बाहेर यायच्या आणि मुद्दाम शेजाऱ्याच्या दारापर्यंत शोव्हल करून यायच्या. काका खिडकीतून बघत पुटपुटायचे की हे अतिक्रमण आहे.

आणि खोटं कारण त्यांच्या तोंडून निघायचं नाही. एकदा आम्ही काही जण बफेलोला खरेदीला निघालो आणि हौसेने काकांना बरोबर घेतलं. अमेरिकेच्या नाक्यावर अधिकाऱ्याने गाडीत डोकावून कारण विचारलं. आम्ही सगळ्यांनी एका सुरात शॉपिंग म्हटलं. काका म्हणाले, "मला काही विकत घ्यायचं नाही." मग कशासाठी आलात? "तुम्ही कसं विचारता ते बघायला." आमची गाडी बाजूला घेतली गेली, सगळ्यांना आत बसवलं, डिकीतले विंटर टायर्ससुद्धा उघडून पाहिले. आमचा निम्मा दिवस गेला. काकांना त्याचं यत्किंचितही वाईट वाटलं नाही. उलट परतताना ते म्हणाले, चांगला माणूस होता, मन लावून काम करत होता.

काकू कधी माहेरी का जात नाहीत, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. दर रविवारी त्या भावाशी फोनवर बोलायच्या, इतक्या मोठ्याने की बेसमेंटमध्ये मला त्यांच्या भाषेतले शब्द ओळखीचे झाले होते. मी एकदा गाडीत काकांना विचारलं. त्या दिवशी त्यांनी अठराशे त्र्याहत्तर काढलं नाही.

कॅनडाला आल्यावर सगळे घेतात तसं त्या दोघांनीही नागरिकत्व घेतलं होतं. काकांनीच दोघांचे अर्ज भरले. कुणालाच हे सुचलं नाही की त्या दिवसापासून काकू आपल्या गावात परदेशी झाल्या. हिंदुस्थानी माणसाला तिथे जायला साधा परवाना लागतो, परदेशी माणसाला वेगळा, दिल्लीहून येणारा. काकूंची आई आजारी असल्याची तार आली तेव्हा हे कळलं. काकांनी दिल्लीला अर्ज केला, पुन्हा केला, ओळखी काढल्या. परवाना हातात पडला तेव्हा आई जाऊन बराच काळ लोटला होता. तरी दोघं गेली. आसाम संपतो तिथल्या फाटकावर एक तरुण शिपाई होता, काकूंच्याच गावाकडचा. त्याने त्यांना त्यांच्या भाषेत आत्या म्हणून हाक मारली, चहा विचारला, आणि मग वही उघडून नाव, येण्याचं कारण आणि मुक्काम विचारला. काकूंनी तिन्ही उत्तरं दिली. परत येताना विमानात त्या एवढंच म्हणाल्या, की आता मी येईन ती कोणी न विचारता येईन.

"त्याच फाटकावर," काका म्हणाले, "लग्नानंतर मी रजेवरून परत यायचो तेव्हा ही आतल्या बाजूला येऊन उभी राहायची. शिपायाने मला विचारायला सुरुवात केली की म्हणायची, माझा आहे, येऊ दे."

स्टेशन आलं होतं. मी उतरले. त्या संध्याकाळी पट्टीवर मला विचारलं गेलं तेव्हा मी कसलाही आगाऊपणा न करता तिन्ही उत्तरं दिली आणि काकूंच्या आवाजाची वाट बघत उभी राहिले.

पुढे हिंदुस्थान सरकारने आपल्या परदेशस्थ लोकांना आजन्म व्हिसाची पुस्तिका द्यायला सुरुवात केली. मंडळाच्या संक्रांतीला तिळगुळाआधी सगळ्यांनी एकमेकांना आपापल्या पुस्तिका दाखवल्या. काकांनीही घरी दोन आणल्या. काकूंची त्यांनी जेवणाच्या टेबलावर, त्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "आता आयुष्यभराचं झालं. आता तुला कोणी विचारणार नाही."

काकूंनी हात पुसून पुस्तिका उघडली. आपलाच फोटो बराच वेळ बघितला. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून सूटकेस खाली आली. पुढचे काही आठवडे त्या घरात जे चाललं त्याला मी तरी लगीनघाईच म्हणेन. भावाला विजेरी, भाच्यांना लोकरीच्या टोप्या, त्यांच्या पोरांना मेपलच्या गोळ्या. काकू गाणी म्हणत. पिठलं दोनदा करपलं. मीही त्यांच्यासोबत दुकानं हिंडले आणि भावाच्या पायाचं माप फोनवर घेऊन बूट आणले.

मग काकांनी गाडीची सोय करायला गुवाहाटीच्या एका एजंटला फोन लावला. मी टेबलाशी बसले होते. काका ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा उतरत गेला. फोन ठेवून त्यांनी ती पुस्तिका आणि तिच्यासोबत आलेले कागद पुन्हा पहिल्यापासून वाचले. प्रतिबंधित प्रदेशांना हा व्हिसा लागू नाही, तिथे जायला परदेशी माणसाचा परवाना पूर्वीसारखाच काढावा लागेल, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. कायद्याचं कलम अन् कलम तोंडपाठ असलेला हा माणूस आनंदाच्या भरात हे वाचायचंच विसरला होता.

त्यांनी काकूंना लगेच, माझ्यासमोरच सांगितलं. आता परवाना पूर्वीइतका अवघड नाही, एजंट काढून देतो, थोड्या दिवसांचं काम आहे, हेही सांगितलं. काकू रागावल्या नाहीत. त्यांनी गॅस बंद केला, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "तू जाय ओव्हरसियर. मी नाही जात. मायच्या घरी जाऊन राहिली म्हणून पोलिसाले सांगू? एक डाव सांगतलं."

टोप्या पोस्टाने गेल्या, बूटही गेले. एक टोपी काकूंनी मला दिली. काका त्यानंतर महिनाभर पट्टीवर बसले नाहीत. मग एके दिवशी काकूंनीच त्यांची खुर्ची तिथे नेऊन ठेवली.

मी नागरिकत्वाची शपथ घेऊन आले त्या दिवशी मंडळातल्यांनी केक कापला. काकांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि म्हणाले, "झालीस तूही परकी. छान." मला वाटलं टोमणा आहे. काकू म्हणाल्या, तसं नाही वं, त्याले बरं वाटलं तर असंच बोलते.

काकूंना कर्करोग झाला तो फार आत पोचल्यावर कळला. मिल्टनच्या हॉस्पिटलमध्ये त्या शेवटचे काही आठवडे होत्या. इंग्रजी त्यांनी जवळजवळ सोडूनच दिली, मराठीही कमी झाली, शेवटी शेवटी आपल्या भाषेतच बोलायच्या. नर्सनी विचारलं की कोणती भाषा, दुभाषा बोलावतो, तर काका म्हणाले की इथे तसा कोणी मिळायचा नाही. त्यांना स्वतःला ती भाषा थोडी यायची. ते खाटेजवळ बसून त्या थोड्यावर भागवत होते. माझ्या डोळ्यांना सारखं पाणी यायचं, आणि काका मला वॉशरूममध्ये जाऊन तोंड धुऊन ये म्हणून पाठवायचे.

काकू गेल्यानंतर मी पहिल्यांदा जेवण घेऊन वर गेले तेव्हा काका खुर्चीत होते, पण त्यांनी हात आडवा केला नाही. मी पट्टीअलीकडे थांबले. ते काही विचारेनात. मग मीच माझं नाव सांगितलं, कारण सांगितलं, भाजी-भाकरी, आणि मुक्काम सांगितला, तुम्ही जेवेपर्यंत. ओट्याकडून आवाज येण्यासारखं आता काही नव्हतं. काका बराच वेळ तिकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "ये."

अस्थींचं काय करायचं हा प्रश्न होता. काकूंच्या लोकांत माणूस पुरतात. इथे दहन झालं होतं, हॉस्पिटलनंतरच्या गडबडीत काकांना दुसरं काही सुचलं नव्हतं. भावाने फोनवर सांगितलं, घेऊन या, आईशेजारी जागा आहे. काकांनी त्या दिवशीच गुवाहाटीला फोन लावला. एजंटने सांगितलं की परवाना मिळेल, पण एकट्या परदेशी माणसाला देत नाहीत. किमान दोघं लागतात, आणि दोघंही परदेशी. नागपूरचा पुतण्या यायला तयार होता, पण तो हिंदुस्थानी, त्याला मोजत नाहीत.

काका जिना उतरून बेसमेंटमध्ये आले. इतक्या वर्षांत ते विचारल्याशिवाय खाली कधी आले नव्हते. दारात उभे राहून त्यांनी स्वतःचं नाव सांगितलं. मग म्हणाले, "दोघं लागतात पोरी. तू परकी आहेस ना?"

मी रजा टाकली.

परवाना आला. त्यावर आम्हा दोघांची नावं होती आणि प्रवासाचा हेतू म्हणून पर्यटन लिहिलं होतं. दुसरं काही लिहायची सोयच नव्हती. एजंटने आपला माणूस गाडीसोबत दिला होता. त्याने गुवाहाटीपासून आम्हाला बजावलं की फाटकावर विचारलं की घूमने आये हैं, एवढंच बोला, बॅगेत काय आहे ते सांगू नका, परवाना पर्यटनाचा आहे, उगाच परत पाठवतील. मी मान डोलावत होते. काका खिडकीबाहेर चहाचे मळे बघत होते. मांडीवर काकूंनी स्वतः विणलेली, लाल-काळ्या पट्ट्यांची पिशवी होती आणि तिच्यात त्या. मला बफेलो आठवत होतं. इथून मागे फिरावं लागलं असतं तर काका पुन्हा आले नसते, त्यांचं वय आणि तब्येत दोन्ही मला दिसत होती. म्हणजे काकू कायमच्या मिल्टनमध्ये, कपाटातल्या डब्यात.

दुपारी फाटक आलं. एक बांबू आडवा टाकलेला, बाजूला खोली, टेबल आणि एक तरुण शिपाई. आम्ही उतरलो. माझं नाव, कारण, मुक्काम झालं. घूमने, मी म्हटलं. माझी जीभ मुळीच अडखळली नाही. मग त्याने काकांकडे बघितलं.

नाव काकांनी सांगितलं.

"किस लिए आये हैं?"

एजंटचा माणूस मागून हळूच म्हणाला, सर, घूमने बोलिए. मी काकांचा हात धरला. काकांनी तो सोडवून घेतला, पिशवी दोन्ही हातांनी पुढे धरली आणि म्हणाले, "बीवी को घर छोड़ने आया हूँ."

शिपायाने गाडीत नजर टाकली. गाडी रिकामी होती. त्याने परवाना उलटून पाहिला, तिथे दोनच नावं. मॅडमचा परमिट कुठे आहे, असं त्याने विचारलं. एजंटच्या माणसाने कपाळाला हात लावला. काकांनी तेव्हा काकूंच्या वडिलांचं नाव सांगितलं, गावाचं नाव सांगितलं, आणि नदीवरचा कुठला पूल ओलांडला की घर येतं तेही सांगितलं. सांगताना ते मध्येच काकूंच्या भाषेत शिरले, बहुतेक त्यांच्या लक्षातही आलं नसावं. शिपायाची नजर पिशवीच्या विणीवर गेली आणि मग तो उभा राहिला.

थोड्या वेळाने त्याने पुन्हा पेन उचललं. काम तर पुरं करायला हवंच होतं. कितने दिन, असं त्याने आधीपेक्षा हळू विचारलं.

काका म्हणाले, "मेरे चार दिन. इसका अब रहने का है."

शिपायाने काकांचे चार दिवस लिहिले. हेतूच्या रकान्यात परवान्यावर होतं तेच लिहिलं. मग वही मिटली आणि म्हणाला, "इनका परमिट नहीं लगता, साब. ये तो यहाँ की हैं."

त्याने स्वतः जाऊन बांबू वर केला. काका गाडीत बसले नाहीत. पिशवी छातीशी धरून ते चालत निघाले, मी त्यांच्या मागे. बांबूखालून जाताना ते क्षणभर थांबले आणि पिशवीकडे बघून म्हणाले, "चल. तुला नाही विचारलं कोणी."